गाडी फलाटाला लागते तेव्हा : आगार व्यवस्थापकांना खुले पत्र

राज्यातील सर्व एसटी आगारांचे व्यवस्थापक आणि स्थानकप्रमुख यांस,



लग्नसराई सुरू झाली की जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. गावाचे नाव बदलते, तोळ्यांचा आकडा बदलतो, बाकी मजकूर तोच. बसमध्ये चढताना गर्दीचा फायदा घेऊन अज्ञात चोरट्याने महिलेच्या पर्समधील दागिने लांबवले. चार ओळी, त्याखाली पोलीस ठाण्याचे नाव आणि पुढील तपास करणाऱ्या हवालदारांचे आडनाव. दुसऱ्या दिवशी बातमी शिळी होते. ज्या घरातून ते दागिने गेले, तिथे मात्र तो विषय वर्षानुवर्षे निघत राहतो. सुनेला ऐकवला जातो, आई स्वतःला दोष देत राहते, आणि मुलीचे लग्न असेल तर उसनवारी सुरू होते. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला. चार तोळ्यांची पोत गेली म्हणजे अल्पभूधारक घराची काही वर्षांची शिल्लक गेली.

अशा चोऱ्यांबद्दल पोलिसांना निवेदने बरीच दिली जातात. हे पत्र मी मुद्दाम आपल्याला लिहिते आहे. गाडी कोणत्या फलाटाला लावायची, दार कधी उघडायचे, वाहकाने त्या वेळी कुठे असायचे, प्रवाशांना किती आधी सांगायचे, हे पोलीस ठरवत नाहीत. ते आपल्या आगारात ठरते. आणि एसटीच्या प्रवासातली चोरी बहुतेक वेळा धावत्या गाडीत होत नाही, ती गाडीत चढताना होते. चोरट्याला जी गर्दी लागते ती दारात, दोन-तीन मिनिटांपुरती तयार होते. माझे म्हणणे एवढेच आहे की ती गर्दी आपोआप होत नाही. आपल्या कारभाराच्या सवयींमुळे ती होते आणि म्हणून ती मोडणेही आपल्या हातात आहे.

तालुक्याच्या कुठल्याही स्थानकात आठवडी बाजाराच्या दुपारी उभे राहावे. फलाटांवर गावांच्या पाट्या असतात, पण अमुक गाडी त्याच फलाटाला लागेल याची खात्री कोणालाच नसते. म्हणून माणसे फलाटावर न थांबता मधल्या मोकळ्या जागेत उभी राहतात, नजर फाटकाकडे. गाडी आत वळली की तिच्या पाटीवरचे नाव वाचता वाचता सगळे तिच्या बरोबरीने धावू लागतात. ध्वनिक्षेपकावर काहीतरी घोषणा होते, ती इंजिनाच्या आवाजात कळत नाही. गाडी थांबायच्या आत तरणी मुले खिडकीतून रुमाल, पिशव्या, वेळप्रसंगी लहान मूलही आत सोडतात. उतरणारे आतून बाहेर रेटत असतात आणि चढणारे बाहेरून आत. दार एकच. वाहक त्या वेळी नोंदीसाठी वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी गेलेला असतो.

आता त्या दाराशी काय घडते ते पाहा. टोळी तीन-चार जणांची असते, पुष्कळदा बायकांची, कारण बाईच्या अंगाला बाई खेटली तर कोणी हटकत नाही. एक जण पायरीवर चढून मध्येच थांबते. चप्पल निसटल्यासारखे करते, नाहीतर वळून विचारते, ही गाडी कुठे जाते? मागून दुसरी रेटा देते. त्या रेट्यात जिची पर्स खांद्याला लटकलेली आहे तिचे दोन्ही हात दाराच्या दांड्याला असतात, कारण नाहीतर ती पडेल. तिसरीच्या हातावर ओढणी किंवा रिकामी कापडी पिशवी टाकलेली असते. त्या आडोशाखाली पर्सची चेन उघडते, आतली डबी बाहेर येते आणि चेन पुन्हा लावलीही जाते. चेन लावायचे कारण असे की पर्स उघडी दिसली की आरडाओरडा लगेच होतो. बंद दिसली की वाहक तिकिटाला येईपर्यंत शोध लागत नाही. मग पायरीवरची म्हणते, ही आपली गाडी नाही, आणि तिघीही उतरून जातात. हातातल्या पाटल्या कापायच्या असतील तर छोटा कटर असतो, आणि पुरुषांच्या खिशासाठी अर्धे ब्लेड. माल हातात राहत नाही, तो तिथल्या तिथे चौथ्याकडे जातो. त्यामुळे एखादी पकडली गेलीच तरी तिच्याकडे काही सापडत नाही.

या सगळ्याला रेटा लागतो. रांगेत एकामागे एक चढणाऱ्या बाईची पर्स अशी उघडता येत नाही, कारण तिथे मागच्या बाईला अंगाला खेटण्याचे कारणच उरत नाही आणि पायरीवर थांबलेलीला वाहक पुढे व्हा म्हणतो.

आपल्या स्थानकांत मात्र याला उत्तर म्हणून काय आहे? एक पाटी. खिसेकापूंपासून सावध राहा, प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी. ती पाटी चुकीची नाही. पण ज्या ठिकाणी तोल सांभाळायला दोन्ही हात लागतात त्या ठिकाणी सामान सांभाळायला तिसरा हात कुठून आणायचा, याचे उत्तर त्या पाटीत नाही. सगळी जबाबदारी प्रवाशावर टाकून आगार मोकळे होते, ही माझी मुख्य तक्रार आहे.

यावर एक उत्तर हमखास मिळते. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाल्यापासून गर्दी वाढली, आम्ही काय करणार? सवलत १७ मार्च २०२३ पासून आहे, तिच्या आधी ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास सुरू झाला. गर्दी वाढली हे खरे. पण दारातल्या चोऱ्या त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आल्या आहेत. शिवाय सवलतीने ज्यांना घराबाहेर काढले त्या बाया आणि म्हाताऱ्या माणसांनाच चोरटे गाठतात. त्यांना प्रवासाला बोलावले आहे तर त्यांच्या गाडीत चढण्याची सोयही करायला हवी. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर धावली. इतक्या वर्षांत या राज्याने एसटीवर जेवढा विश्वास टाकला तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या सार्वजनिक सेवेवर टाकला असेल. मुलगी एकटी एसटीने जाते म्हटल्यावर आईबाप निर्धास्त होतात, तो विश्वास स्थानकाच्या आवारातही टिकला पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटला उभ्या असलेल्या शिवशाहीत तरुणीवर अत्याचार झाल्याची घटना समोर आली, तेव्हा साऱ्या राज्यात स्थानकांच्या सुरक्षेची चर्चा झाली. बंद गाड्या, अंधारे कोपरे, रखवालदार यांकडे लक्ष गेले, ते जायलाच हवे होते. भरदिवसा, शेकडो लोकांदेखत होणारी चोरी मात्र त्या चर्चेतही आली नाही.

लोक रांग लावत नाहीत, हे दुसरे उत्तर. तेही मला पटत नाही. हीच सातारची, कोकणातली, खानदेशातली माणसे मुंबईत बेस्टच्या थांब्यावर गुमान रांगेत उभी राहतात, कारण गाडी रांगेच्या तोंडाशीच थांबणार हे त्यांना ठाऊक असते. गाडी कुठे लागणार हे नक्की असेल तर माणूस धावत नाही.

आणि गर्दी वाटून देण्याची कला एसटीला येत नाही असे तर मुळीच नाही. आषाढीला पाच हजारांवर जादा गाड्या पंढरपूरला येतात. त्यासाठी चंद्रभागा, भीमा, पांडुरंग, विठ्ठल अशी तात्पुरती स्थानके उभी राहतात आणि कोणत्या भागाच्या गाड्या कोणत्या स्थानकावरून सुटणार हे आधी जाहीर होते. एवढ्या अफाट गर्दीत म्हातारा वारकरी विचारत विचारत आपल्या जिल्ह्याच्या गाडीपाशी पोचतो. जे आपण वारीत करून दाखवता ते तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी करता येणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

म्हणून माझ्या विनंत्या. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची, गाडी तिच्याच फलाटाला लागू द्या. बदल करायचाच असेल तर गाडी आत येण्याआधी पाच मिनिटे सांगा, नंतर नको. घोषणा नीट ऐकू येईल असे ध्वनिक्षेपक फलाटाच्या छताला लावा, नुसते नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर नकोत. गर्दीच्या फलाटांवर कठडे बसवा, एक माणूस जाईल एवढ्या रुंदीचे. त्याला मोठा निधी लागत नाही. एखाद्या आगाराच्या कार्यशाळेत जुन्या पाइपांतूनही ते होतील, आपले कारागीर याहून अवघड कामे रोज करतात.

दुसरी विनंती वाहकाच्या जागेची. गाडी लागल्यावर पहिली काही मिनिटे वाहक दारात हवा. आधी उतरणारे सगळे उतरतील, मग चढणे सुरू होईल, हे त्याने सांगितले की लोक ऐकतात, कारण एसटीच्या वाहकाच्या शब्दाला गावाकडे अजून वजन आहे. नोंदीची कामे त्यानंतर करता येतील किंवा वाहतूक नियंत्रकाचा माणूस गाडीपाशी येऊन करू शकेल. मनुष्यबळ कमी आहे, जुन्या गाड्यांवर दिवस काढावे लागतात, चालक-वाहक दुहेरी पाळ्या करतात, हे सगळे मी जाणते आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. तरीही निदान बाजाराचे दिवस, लग्नतिथी, दिवाळी-भाऊबीज आणि यात्रा एवढ्या मोजक्या प्रसंगी हे करता येईल. लग्नाच्या तिथी पंचांगात छापलेल्या असतात. चोरटे त्या पाहून येतात. आगारानेही पाहाव्यात.

तिकिटाच्या पैशांबद्दलही एक सांगायचे आहे. सुट्ट्या पैशांवरून होणाऱ्या वादात बाई गर्दीत पर्स उघडून पुन्हा पुन्हा आत हात घालते आणि डबी कुठल्या कप्प्यात आहे हे पाहणाऱ्याला आयते कळते. तिकिटाच्या यंत्रावर यूपीआयने पैसे घेण्याची सोय आता आहे. ती प्रत्येक वाहकाने न कुरकुरता वापरावी.

कॅमेऱ्यांविषयी. बऱ्याच स्थानकांत ते आहेत, पण उंच खांबावर, सगळे आवार दिसेल असे. त्यात गर्दीच्या डोक्यांपलीकडे काही दिसत नाही. चोरी जिथे होते तिथे, म्हणजे गाडीचे दार ज्या रेषेत येते त्या फलाटाच्या खांबावर, हात आणि चेहरा दिसेल अशा उंचीवर कॅमेरा हवा. आणि तक्रार आली की त्या तासाचे चित्रण त्याच दिवशी वेगळे काढून ठेवा. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते आणि पोलिसांचे पत्र येईपर्यंत पुष्कळदा ते गेलेले असते.

चोरी कळल्यावर काय करायचे, याची लेखी पद्धत आपल्या वाहकांकडे हवी. आज काय होते? गाडी गाव ओलांडून गेल्यावर बाई तिकिटासाठी पर्स उघडते आणि रडू लागते. चालक भला असेल तर भरली गाडी थेट जवळच्या पोलीस ठाण्यात नेतो. साठ माणसांची झडती होते, तास-दोन तास जातात, आणि टोळी तर मागे स्थानकातच उतरलेली असते. त्यापेक्षा वाहकाने तत्काळ ज्या स्थानकातून निघाला त्या नियंत्रकाला आणि ११२ क्रमांकाला फोन केला, कोण पायरीवरून उतरले ते आठवून सांगितले, तर ती माणसे अजून रिक्षा थांब्यापाशी सापडू शकतात. हा फोन कोणी करायचा हे आज ठरलेले नाही.

इथे पोलीस बंधूभगिनींनाही दोन शब्द. चोरी होते एका तालुक्यात आणि कळते दुसऱ्या तालुक्याच्या हद्दीत, मग बाईला परत जा म्हणून सांगतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते आणि नोंदीची प्रत मोफत मिळते. चोरीऐवजी वस्तू गहाळ झाल्याचा दाखला देऊन बोळवण करणेही थांबले पाहिजे. दाखल्याने सिमकार्डाचे काम होईल, पण चोरीचा तपास होत नाही. भारतीय न्याय संहितेत वाहनातून वस्तू चोरल्यास कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. टोळीने पाकीटमारी केली तर कलम ११२ आहे, त्यात किमान एक वर्षाचा तुरुंगवास आहे. कायदा तोकडा नाही. एक गोष्ट मात्र मला खटकते. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी आता अदखलपात्र ठरते. ऊसतोडीहून किंवा बाजारातून परतणाऱ्या बाईचे दोन-अडीच हजार रुपये हे तिच्या आठवड्याचे सगळे असते. अशा तक्रारींची निदान स्थानकनिहाय नोंद ठेवली तरी टोळी कुठे आणि कोणत्या वारी येते हे कळेल.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. चोरी झाली की स्थानकातली नजर पहिल्यांदा जाते ती कडेवर पोर घेतलेल्या, मळक्या लुगड्यातल्या बाईकडे. तिला ओढतात, मारतात, झडती घेतात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये संपवला, पण तो डाग त्या लोकांच्या माथी अजून आहे. सराईत टोळीतल्या बाया पुष्कळदा इतरांसारख्याच नीटनेटक्या, लग्नाला निघाल्यासारख्या सजून येतात, कारण त्यांना त्या गर्दीत मिसळायचे असते. संशयावरून कोणाला मारहाण होऊ लागली तर स्थानकप्रमुखाने पुढे होऊन ती थांबवावी आणि झडती महिला पोलीस येईपर्यंत होऊ देऊ नये.

दागिने घेऊन प्रवास करताच कशाला, असे आपल्यापैकी कोणी मनात म्हणत असेल तर त्यांना नम्रपणे सांगते. गावात बँकेचा लॉकर नसतो. लग्नाला जायचे तर माहेरची आणि सासरची इभ्रत अंगावर घालून जावे लागते आणि वाटेत ते अंगावर नको म्हणून पर्समध्ये ठेवावे लागते. पेरणीच्या तोंडावर तारण ठेवायला सोने तालुक्याच्या बँकेत न्यायचे असते, तेही एसटीनेच. कांदा किंवा कापूस विकून आलेला शेतकरी पैसे खिशातच घेऊन येतो. ही माणसे निष्काळजी नाहीत. त्यांना दुसरा मार्ग नाही.

माझ्या सहप्रवासी भगिनींना मी सांगत असते ते इथेही लिहिते, कारण हे पत्र त्याही वाचतील. दागिन्यांची डबी पर्समध्ये ठेवूच नये. परकराला आतून खिसा शिवून घ्यावा, आपल्या आज्या तेच करत. तिकिटाचे पैसे घरून निघतानाच वेगळे काढून मुठीत किंवा छोट्या बटव्यात ठेवावेत, म्हणजे गर्दीत मोठी पर्स उघडावी लागत नाही. पर्स खांद्यावरून काढून छातीशी धरून चढावे आणि पायरीवर कोणी अडून बसले की चढणे सोडून मागे व्हावे, गाडी गेली तरी चालेल. डबीवर हात ठेवून ती आहे की नाही हे चारचौघांत चाचपू नये, त्यानेच जागा कळते. दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो घरी असावेत, सापडलेला माल ओळखून न्यायालयातून सोडवताना ते लागतात. मोबाइल गेला तर तक्रारीच्या प्रतीवर संचार साथी या सरकारी व्यवस्थेतून तो बंद करता येतो, त्यासाठी त्याचा आयएमईआय क्रमांक आधीच लिहून ठेवावा.

पण एवढे सगळे करूनही दारातला रेटा तसाच राहिला तर चोरटा कमी सावध असलेल्या दुसऱ्या बाईकडे वळेल, चोरी टळणार नाही. म्हणून पुन्हा आपल्याकडेच यावे लागते. प्रत्येक स्थानकात दर महिन्याला किती चोऱ्यांची नोंद झाली, कोणत्या फलाटावर, कोणत्या वेळी, हे चौकशी खिडकीशेजारी लावा. त्याने आगाराची बदनामी होईल ही भीती बाळगू नका. आकडा समोर आला की पोलीस बंदोबस्त मागायला आपल्याच हाती कागद येतो, आणि बंद असलेली पोलीस चौकी उघडी ठेवा असे आपण हक्काने म्हणू शकता.

सगळ्या विनंत्या एकदम मान्य होतील अशी अपेक्षा नाही. येत्या लग्नसराईच्या आत प्रत्येक आगाराने आपला सर्वांत गर्दीचा एक फलाट निवडावा, तिथे कठडे बसवावेत, त्या फलाटाच्या गाड्या तिथेच लावाव्यात आणि चढणे होईपर्यंत वाहकाला दारात उभे करावे. तीन महिन्यांनी त्या फलाटावरच्या चोऱ्या मोजाव्यात आणि तो आकडा प्रवाशांना सांगावा.



आपली,
एसटीने जा-ये करणारी एक प्रवासी